आग होते तोच पाय बधिरही असतो

पुणे

चि.,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, रात्री अंथरुणावर पडलं की तळव्यांची आग होते. आणि लगेच विचारलंस, यंदा माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत अनवाणी चालू का. घाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

डॉक्टरांनी हो म्हटलं तर चाल, पण अनवाणी नको. पाय दुखतोय म्हणजे त्याला सगळं कळतंय, असं तू धरून चाललायस. तसं नसतं रे. मधुमेहाने नसा बिघडल्या की ज्या पायाची आग होते, त्यालाच खडा टोचल्याचं कळत नाही. एकाच पायात दोन्ही असतं.

माझंच सांगते. काही वर्षांपूर्वी पायांची आग आपोआप कमी झाली आणि मी देवापुढे साखर ठेवली. त्याच हिवाळ्यात पाय गारठल्यासारखे वाटले म्हणून गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन झोपले. सकाळी चादरीवर ओला डाग दिसला, तेव्हा कळलं की टाचेला फोड येऊन फुटलाय. रात्रभर काही जाणवलं नव्हतं. जखम भरायला अडीच महिने गेले. डॉक्टरांनी नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवला, १० ग्रॅम दाबाला वाकतो तो. डोळे मिटलेले असताना बऱ्याच ठिकाणी मला तो लागलाच नाही. ही तपासणी तू याच आठवड्यात करून घे. घोट्याजवळची नाडीही बघायला सांग. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वसुद्धा तपास. ते कमी पडलं तरी मुंग्या येतात, आणि त्यावर उपाय सोपा आहे.

आगीवर गोळ्या आहेत: प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, ॲमिट्रिप्टिलिन. कुठली आणि किती, ते डॉक्टर ठरवतील. चार दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नकोस. डोस हळूहळू वाढवतात, गुण यायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला झोप येते. त्या दिवसांत गाडी चालवू नकोस. पण नीट ध्यानात ठेव, गोळी कळ शमवते, नस दुरुस्त करत नाही. नस आणखी बिघडू नये म्हणून रक्तातली साखरच ताब्यात हवी.

पांघरूण लागलं तरी झोंबतं ना? पायथ्याशी दोन लोड ठेवून चादर त्यांच्यावरून घे, पायाला टेकणार नाही. बर्फ लावायचा नाही, शेकायचं नाही. आई काशाच्या वाटीने तळवे घासून देते, त्या मायेला नाही म्हणू नकोस. मात्र हात हलका हवा, आणि भेग किंवा फोड असेल त्या दिवशी वाटी फडताळातच राहू दे. भेगांना कोकम तेल किंवा व्हॅसलिन चालेल, फक्त बोटांच्या बेचक्यात नको. तिथे ओल राहिली की चिखल्या होतात. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कुरपाच्या पट्ट्याही लावायच्या नाहीत.

आता वारीचं. बूट संध्याकाळी घे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे ऐसपैस हवेत. आत्तापासून रोज थोडं थोडं घालून चाल, नवे बूट थेट दिवे घाटात काढू नकोस. बूट घालण्याआधी ते उलटे करून झटक आणि आत हात फिरव. मोजे पांढरे सुती घे, रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. दोन जोड जास्तीचे ठेव, कारण पाऊस गाठणारच. एखादा पाय अचानक लाल, गरम झाला आणि सुजला, तर तो दुखत नसला तरी तिथेच थांब, गाडीत बस आणि डॉक्टर गाठ.

सासवडला पोचलास की आधी मोजे काढ. तळवे आरशात बघ, बोटांच्या बेचक्या बघ. मग दोन्ही तळव्यांचे फोटो मला पाठव. कितीही रात्र झाली तरी मी जागी असेन.

तुझी,
मावशी