फिजिक्समधल्या 19 चुका

प्रिय मुली,

परवा फोनवर तू विचारलंस, "सर, मेडिकलच्या नीट परीक्षेत मार्क सारखे पडले तर आधी बायो बघतात ना? मग फिजिक्स सोडून बायोवरच जोर देऊ का?" तुझ्यामागे हॉस्टेलच्या पोरींचा गलका चालला होता, म्हणून म्हटलं लिहूनच कळवतो. लातुरात 28 वर्षं फिजिक्स शिकवलेला माणूस फिजिक्सचीच बाजू घेणार, असं तुला वाटेल. वाटू दे. आकडे तुझेच आहेत, तूच ताडून बघ.

नीटचा पेपर 720 मार्कांचा, बरोबर उत्तराला चार, चुकलं तर एक वजा. 180 प्रश्नांपैकी 90 बायोचे, केमिस्ट्री आणि फिजिक्सचे 45-45. म्हणजे निम्मा पेपर बायोचा, हे खरंच. पण मेडिकल कॉलेज एकेक विषय सुटा काढून तोलत नाही. विषयवार कटऑफ नसतोच. उद्या फिजिक्समध्ये कुणाला उणे मार्क पडले, तरी बेरीज पुरेशी असेल तर तो पात्र. सरकारी कॉलेजात ऑल इंडियाच्या 15 टक्के जागा असोत नाहीतर स्टेट कोट्याच्या 85 टक्के, यादी रँकवर लागते आणि रँक बेरजेवर. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायो मिळून 50 टक्के (आरक्षित प्रवर्गाला 40) आणि इंग्रजीत पास, एवढं झालं की बारावीचं काम संपलं.

बेरीज सारखी आली की मगच विषय पुढे येतात. आधी बायो, मग केमिस्ट्री, मग फिजिक्स. तिथेही गाठ सुटली नाही तर ज्याची चुकलेली उत्तरं बरोबर उत्तरांच्या मानाने कमी, तो वर. पूर्वी वयाने मोठा तो पुढे असाही नियम होता, तो गेला. एकाच मार्कावर मुलांची झुंबड असते, त्यामुळे हा नियम फालतू आहे असं मी म्हणणार नाही. पण एक प्रश्न जास्त बरोबर आला की चार मार्कांनी तू त्या अख्ख्या झुंबडीच्या पुढे जातेस. मग तिथे बायो कुणाचं किती, हे कोण विचारतंय?

विषयांना किती वजन द्यायचं हे काही देवाने लिहून ठेवलेलं नाही. आपल्याकडे मेडिकलला सीईटी होती तेव्हा बायो 100, फिजिक्स 50, केमिस्ट्री 50 असा हिशेब होता आणि निगेटिव्ह मार्किंग नव्हतं. एम्सची स्वतःची परीक्षा 2019 पर्यंत चालली. तिथे तिन्ही विषयांचे 60-60 प्रश्न. बायोच्या जिवावर एम्स गाठू म्हणणारी माझी पोरं तिथे आपटायची. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सैन्यदलाचं मेडिकल कॉलेज, आजही नीटच्या मार्कांवर थांबत नाही, इंग्रजी आणि तर्काची वेगळी चाचणी घेतं, मुलाखत घेतं. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मुलगी कॅनडात मेडिकलची तयारी करतेय. तिकडच्या एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेचे चार भाग, प्रत्येक भागाला 118 ते 132 गुण. पण हॅमिल्टनचं मॅकमास्टर विद्यापीठ त्यातला एकच भाग विचारात घेतं, उतारे वाचून विचार करण्याचा. फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग असतो, पण त्याचे गुण ते बघतच नाहीत. तू तिथे असतीस तर तुझा प्रश्न अगदी रास्त ठरला असता. आपण आहोत नीटमध्ये, आणि इथे बेरीज हीच मालकीण.

आता तुझी मागच्या रविवारची मॉक. बायो 318, केमिस्ट्री 104, फिजिक्स 41. एकूण 463.

बायोत 81 बरोबर, 6 चूक, 3 सोडलेले. समजा तू जिवाचं रान करून हे 9 प्रश्नही जिंकलेस. चुकलेला सुधारला की पाच मार्क (गेलेला एक परत, वर चार) आणि सोडलेल्याचे चार. झाले 42. बायोतून तुला यापुढे मिळू शकतं ते एवढंच, आणि तेसुद्धा 360 पैकी 360 पडले तर. हे उरलेले 9 प्रश्न कसले असतात तुला माहीत आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या आकृतीखालची बारीक ओळ, नाहीतर चार विधानांतली अचूक जोडी. एकेकासाठी आठवडा जातो.

फिजिक्समध्ये 15 बरोबर, 19 चूक, 11 सोडलेले. त्या 19 पैकी फक्त 8 सुधारले तरी 40 मार्क. जवळजवळ तेवढेच! फक्त इथे तुला 19 प्रश्नांतले कुठलेही 8 निवडायची मुभा आहे.

तू दिलेली रफची पानं मी काल रात्री चष्मा लावून बघितली. लिफ्टमधल्या माणसाच्या प्रश्नात तू थेट सूत्र टाकलंस, बलांची आकृती काढलीच नाहीस, त्यामुळे एमजी आणि एमए यांची वजाबाकी करायची तिथे बेरीज केलीस. भिंगाच्या गणितात नाभीय अंतराचं चिन्ह उलटं. दोन ठिकाणी सेंटीमीटरचे मीटर केलेले नाहीत, उत्तर शंभर पटीने मोठं आलंय, आणि पर्यायात ते नाही म्हणून जवळचा गोल काळा केलायस. कपॅसिटरच्या प्रश्नात बॅटरी काढल्यावर काय स्थिर राहतं, हे तुला वर्गात पाठ होतं. मी मोजलं. 19 पैकी 7 प्रश्नांचं फिजिक्स तुला येतं, हात चुकलाय. 5 मध्ये खरंच गोंधळ आहे. बाकीचे 7 तू सरळ ठोकलेत, त्यांच्याखाली रफ कामच नाही.

ठोकण्याबद्दल एक हिशेब सांगतो, कारण क्लासवाले यावर शपथा घालतात. चारही पर्याय अनोळखी असताना आंधळेपणाने उत्तर दिलं, तर सरासरी पाव मार्क मिळतो. तोटा नाही, पण नफाही नावापुरताच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी दोन तृतीयांश मार्कापर्यंत जाते, दोन बाद झाले तर दीड. म्हणून दोन बाद झाले की बिनधास्त उत्तर दे. एकही बाद होत नसेल तर पाव मार्कासाठी जीव टांगणीला लावू नकोस. तिथला वेळ घालवतेस आणि चुकांचं प्रमाणही वाढवतेस, जे त्या बरोबरीच्या नियमात शेवटी आडवं येतं.

आणखी एक. स्कोअरकार्डवर विषयवार पर्सेंटाइल येतो, तो बघून हुरळू नकोस की रडूही नकोस. बायोत 318 मिळवणाऱ्यांची रांग लांब आहे, त्यामुळे तिथे मार्क भरपूर पडूनही पर्सेंटाइल वाटतो तेवढा वर जात नाही. फिजिक्सची रांग लवकर विरळ होते. 2025 चा पेपर आठवतोय? फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला. त्या वर्षी देशातला पहिला 686 वर आणि खुल्या गटाची पात्रता 144 वर आली. आदल्या वर्षी हेच आकडे 720 आणि 162 होते. 2024 चं तर तुला पाठच असेल. फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं धरली होती, एक जुन्या एनसीईआरटीप्रमाणे, एक नव्या. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि 720 वरचे 44 जण एका झटक्यात पाच मार्कांनी खाली आले. 720 वाले 61 होते, त्यांचे 17 उरले. तू चुलतभावाची जुनी एनसीईआरटी वापरतेस ना? ती रद्दीत घाल. नवी आण, पैसे नसतील तर माझ्याकडून ने.

मी हे एवढं ताणून का लिहितोय तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी असाच एक रिपीटर मुलगा माझ्याकडे यायचा, बायोत तुझ्याहून सरस. फिजिक्सला घाबरायचा. मीच त्याला म्हणालो, "जाऊ दे रे, बायो-केमिस्ट्री पक्की कर, फिजिक्सचं बघू." फिजिक्सच्या मास्तराने असं म्हणावं! त्याचं बायो अकरा मार्कांनी वाढलं. फिजिक्स होतं तिथेच राहिलं, कारण वर्षभर त्याने ते उघडलंच नाही. एमबीबीएस थोडक्यात हुकलं. आज तो बीएएमएस करून गावात चांगला दवाखाना चालवतो, मला भेटला की पाया पडतो. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही.

पुढचे सहा आठवडे बायोला रोज फक्त उजळणीचे दोन तास. नवीन टेस्ट सिरीज लावू नकोस, आहेत त्याच पुऱ्या कर. केमिस्ट्रीतली इनऑरगॅनिक झोपायच्या आधी. सकाळचा ताजा वेळ फिजिक्सला, आणि त्यातही सगळा सिलॅबस नव्हे. लिफ्ट-दोरी-पुलीची गणितं, भिंग आणि आरसे, कपॅसिटर, करंट इलेक्ट्रिसिटी, सेमीकंडक्टर. रोज 15 गणितं, आकृती काढल्याशिवाय सूत्र लिहायचं नाही, आणि एककं प्रत्येक ओळीत.

रविवारी सकाळी नवाला ये. ते 19 प्रश्न मी वेगळ्या कागदावर उतरवून ठेवलेत, पर्याय न देता. मेसचा डबा सांगू नकोस, काकू धपाटे करणार आहे.

तुझे,
सर