बंदूक दुरुस्ती शिकायचीय, सुरुवात कुठनं करू?

प्रश्न : सर, मी आयटीआय फिटर झालोय, आता उद्यमनगरात लेथवर आहे. बहीण दहा मीटर एअर रायफल खेळते, रायफल बिघडली की बाहेरगावी पाठवायची न मग नुसती वाट बघत बसायची. म्हणून हे काम प्रॅक्टिकल शिकायचंय. अशी शाळा असते का? मित्र म्हणतोय गावाकडच्या ठासणीच्या बंदुका खोल, आपोआप शिकशील. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भावा, मित्राचं अजिबात ऐकू नकोस. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदूक बनवायलाच नाही तर दुरुस्त करायलापण लायसन्स लागतं आणि 2019 पासून विनापरवाना कामाला कमीत कमी 7 वर्षं शिक्षा आहे, ओळखीतलं काम होतं, पैसे घेतले नव्हते, असलं काही चालत नाही.

शाळा आहेत की! ऑस्ट्रियात फेरलाखला 1878 पासून, बेल्जियममध्ये लिएजला 1897 पासून, अमेरिकेत ट्रिनिडाडला 1947 पासून शिकवतात, पण फेरलाखला जर्मन, लिएजला फ्रेंच यायला पाहिजे आणि खर्च दणकून. असल्या शाळेत सुरुवातीला बंदूक हातात देतच नाहीत, लोखंडाचा तुकडा न कानस देतात. घासायचं, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरायचं, फट दिसली की परत घासायचं. कानशीला खडू लावला की कीस दातात अडकत नाही, चरे पडत नाहीत, हे तुला आयटीआयत शिकवलं असेलच, म्हणजे पाया तुझ्याकडं आहे आणि तो लई मोठा आहे.

आता एअर रायफल. 4.5 मिलिमीटरची नळी, सिलिंडरात साधारण 200 बार (बार म्हणजे दाबाचं माप) हवा, रेग्युलेटर ती प्रत्येक शॉटला सारखी सोडतो. ओ-रिंग, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग, झिजली नायतर रेग्युलेटर बिघडला की छर्र्याचा वेग बदलतो न शॉट वर-खाली पडायला लागतात, पोरगी बिचारी आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून रडत बसते. सिलिंडरवर तारीख असते बघ, 10 वर्षं झाली की बदलायचाच, चालतोय म्हणून ठेवायचा नाही.

माझं मत स्पष्ट आहे, परदेशाचं नंतर बघ, आधी लायसन्स असलेल्या दुकानात जुन्या कारागिराच्या हाताखाली राहा, आणि स्पर्धेला इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे बंदुका नियमात आहेत का ते तपासायच्या, टेबलाजवळ थांबून बघ, एअर पिस्तुलाचा ट्रिगर 500 ग्रॅम वजन न सुटता उचलतो का, रायफल साडेपाच किलोच्या आत आहे का, सगळं तिथं तपासतात. स्वतःचं दुकान काढायचं झालं तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं लेखी विचारून घे. तेजस्विनी सावंत 2010 ला जगज्जेती, राही सरनोबतला 2018 ला एशियाडचं सोनं, स्वप्नील कुसाळेला 2024 ला ऑलिम्पिकचं ब्राँझ, एवढे नेमबाज आपल्या कोल्हापूरनं दिले, मग रायफल नीट करणारी माणसंपण इथंच तयार व्हायला पाहिजेत, मला हे मनापासून वाटतं.

आणि बहिणीच्या रायफलला हार्डवेअरच्या दुकानातली ओ-रिंग बसवू नकोस, प्रेशरचं काम आहे, कंपनीचीच मागव.