सामानात लपलेला राजा

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम.

चर्चच्या तरुण संघाची जबाबदारी तुझ्यावर आल्याचं ऐकून फार बरं वाटलं. पण फोनवर तू म्हणालास, "काका, पोरं टिकतील ना, एवढीच धाकधूक आहे." ते वाक्य दोन दिवस मनातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. दाविद राजाबद्दल तुला सगळेच सांगतील. मला त्याच्या आधीच्या, इस्राएलच्या पहिल्या राजाबद्दल, शौलाबद्दल बोलायचं आहे.

बायबलमधलं शमुवेलाचं पहिलं पुस्तक काढ. नवव्या अध्यायात बापाची हरवलेली गाढवं शोधायला निघालेला हा उंचापुरा पोरगा भेटतो. राजा म्हणून चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली तेव्हा तो सामानसुमानात लपून बसला होता. 'हा काय आमचं रक्षण करणार' म्हणणारे होतेच. त्यांच्यापुढे तो गप्प राहिला. पुढे अम्मोनी लोकांचा राजा नाहाश याने याबेश-गिलादकरांना अट घातली, की प्रत्येकाचा उजवा डोळा फोडीन, मगच करार. ही बातमी आली तेव्हा शौल बैलांमागून शेतातून घरी येत होता. त्याने ते गाव वाचवलं. लोक म्हणाले, आता त्या टीका करणाऱ्यांना मारून टाकू. शौल म्हणाला, आज कोणालाही मारायचं नाही. असा मनाचा मोठा माणूस होता तो.

मग गिलगाल गावातला प्रसंग. १३ वा अध्याय सावकाश वाच. समोर शत्रूचं, पलिष्ट्यांचं अफाट सैन्य, आपले लोक गुहांत, झुडपांत, विहिरींत दडलेले. शमुवेल संदेष्ट्याने सात दिवस थांबायला सांगितलेलं; होमबली, म्हणजे देवापुढे जाळायचं अर्पण, तो येऊन करणार होता. सातवा दिवस आला, शमुवेल आला नाही आणि माणसं पांगू लागली. शौलाला ते बघवेना. त्याने स्वतःच होमबली अर्पण केला आणि तो पुरा होतो न होतो तोच शमुवेल समोर उभा! शौलाचं पहिलं कारण काय, तर लोक मला सोडून चालले होते. नंतर त्याने मोजले तेव्हा ६०० उरले होते. मला वाटतं, त्याची नजर गेलेल्यांवरच राहिली, या ६०० जणांवर ती कधी पडलीच नाही. पुढच्याच अध्यायात शौलाचा मुलगा योनाथान आणि त्याचा शस्त्रवाहक, दोघंच, पलिष्ट्यांच्या ठाण्यावर चढून जातात आणि शत्रूची दाणादाण उडते.

अमालेकी लोकांशी झालेल्या लढाईनंतरही तेच. त्यांचं काहीही, जनावरंसुद्धा, राखायचं नाही अशी देवाची आज्ञा होती. शमुवेल विचारतो, मग ही मेंढरं बें बें करताहेत ती कसली? शौल म्हणतो, लोकांनी राखून ठेवली. खूप रेटल्यावर खरं बाहेर येतं: मी लोकांना भ्यालो.

हे मी वरवरचं लिहीत नाही. मंडळीच्या बांधकामाचा हिशेब माझ्याकडे होता तेव्हा एक बिल जुळत नव्हतं. नाताळ तोंडावर, भिंतींना चुना लागलेला, सगळ्यांना घाई. वाद झाला तर दोन माणसं दुखावतील, म्हणून मी सही केली. पुढे सभेत एका वडीलधाऱ्यांनी शांतपणे विचारलं तेव्हा मी म्हणालो, "समितीने ठरवलं होतं." समितीने नव्हतं ठरवलं, बाळा. पेन माझ्या हातात होतं. त्या रात्री १५ वा अध्याय वाचला आणि पुढे वाचवेना.

लोक जातील या भीतीचं पुढे काय होतं, ते २२ व्या अध्यायात आहे. गिब्यात झाडाखाली शौल बसलाय, हातात भाला, भोवती त्याचेच सेवक, आणि तो म्हणतो, तुम्ही सगळे माझ्यावर उठला आहात, माझ्यासाठी कोणालाच वाईट वाटत नाही. त्याच संशयापायी ८५ याजक मारले गेले. त्याच्या स्वतःच्या शिपायांनी मात्र याजकांवर हात उचलायला नकार दिला. तुझ्या संघात उद्या कोणी असा नकार दिला, तर त्याला जवळ कर.

आता शेवटचं पान. गिलबोवाच्या डोंगरावर शौल पडला. पलिष्ट्यांनी त्याचं धड बेथ-शानच्या भिंतीवर टांगलं. ते उतरवायला कोण गेलं ठाऊक आहे? याबेश-गिलादचे लोक. किती वर्षांपूर्वी त्याने त्यांचे डोळे वाचवले होते! ते रात्रभर चालले, त्याला आणि त्याच्या मुलांना घरी आणलं, झाडाखाली त्यांच्या अस्थी पुरल्या आणि सात दिवस उपास केला.

तुझा,
काका