अपोलोसारखी हॉस्पिटलची साखळी एवढी वाढली कशी, आणि ती चिपळूण-रत्नागिरीकडे का आली नाही?

चिपळुणातल्या पंधरा खाटांच्या नर्सिंग होममध्ये मी बावीस वर्षं बिलाच्या खिडकीत बसलो. डॉक्टर नाही, त्यामुळे खिडकीतून जे दिसलं तेच सांगतो.

अपोलोची सुरुवात बऱ्याच जणांना माहीत असते. डॉ. प्रताप रेड्डी अमेरिकेतून परत येऊन चेन्नईत हृदयरोगतज्ज्ञ म्हणून काम करत होते. १९७९ मध्ये त्यांचा एक तरुण पेशंट परदेशी ऑपरेशनला जायचे पैसे न जमल्यामुळे दगावला आणि तिथून हॉस्पिटलचं मनात आलं, असं ते स्वतःच सांगतात. १९८३ मध्ये चेन्नईत १५० खाटांचं हॉस्पिटल उभं राहिलं, उद्घाटनाला राष्ट्रपती झैलसिंग होते.

मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. रेड्डींनी ट्रस्ट न काढता कंपनी काढली. तोवर मोठं खासगी हॉस्पिटल म्हटलं की कुणा शेठजींच्या नावाचा धर्मादाय ट्रस्ट, असाच रिवाज होता. ट्रस्ट देणगीवर चालतो, आणि देणगीदार आपल्या गावापुरतं बघतो. कंपनी शेअर विकून, कर्ज काढून दुसऱ्या शहरात जाते. अर्थात तेव्हा हॉस्पिटलला कर्ज मिळणंच मुश्कील, यंत्रांवर आयातशुल्कही जबर. त्यासाठी त्यांना दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागले. पुढे १९८८ ला हैदराबाद, १९९६ ला दिल्ली (तिथे तर राज्य सरकारच भागीदार), मग औषधांची दुकानं, लॅब. आज खाटा दहा हजारांच्या वर आहेत. २०१६ मध्ये नवी मुंबईत बेलापूरला आले. आमच्या अंगणाजवळ आलेलं त्यांचं मोठं हॉस्पिटल ते.

छोट्या गावांकडे कुणी बघितलंच नाही, असंही नाही. २००८ च्या अर्थसंकल्पात महानगरांबाहेर किमान १०० खाटांचं हॉस्पिटल काढणाऱ्याला पाच वर्षं आयकर माफ झाला. अपोलोनं त्याच सुमारास तेलंगणातल्या करीमनगरला 'रीच' नावाखाली छोट्या शहरासाठी हॉस्पिटल काढलं. मग आम्ही काय घोडं मारलं होतं?

जनगणना बघा. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये साधारण १७ लाख होती, २०११ मध्ये ती १६ लाखांवर आली. सिंधुदुर्गही घटला. बरं, जे आहेत त्यांच्याही वाटा तीन. चिपळूणचा सीरियस पेशंट कुंभार्ली घाट चढून कराडला, रत्नागिरीचा आंबा घाटातून कोल्हापूरला, सावंतवाडीचा गोव्यात बांबोळीला. कॅथलॅबला, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीच्या खोलीला, रोज केसेस लागतात, त्या इथे एका ठिकाणी गोळा व्हायच्या कशा? इथे टिकलं ते सावर्ड्याजवळ डेरवणचं वालावलकर हॉस्पिटल, आणि तो ट्रस्ट आहे.

पण खरी मेख पैसे कोण भरतो यात आहे. दोन-तीन वर्षांपूर्वी एक काका गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारायला आले. आमच्याकडे येणारे हाडांचे डॉक्टर ते ऑपरेशन करत. मी अंदाजे आकडा कागदावर लिहून दिला. काकांनी लगेच मुलाला फोन लावून माझ्या हातात दिला. मुलगा डोंबिवलीचा, त्याच्या कंपनीच्या पॉलिसीत आई-वडील धरलेले.

"कॅशलेस होतं का हो तुमच्याकडे?"

"नाही, आधी भरायचे, मग क्लेम करायचा."

"मग राहू दे. मी बाबांना इकडेच आणतो. इकडे नेटवर्कमधलं हॉस्पिटल आहे, शिवाय मला रजा नको टाकायला."

त्याचं काहीच चुकलं नाही. दुखणारा गुडघा चिपळुणात, पॉलिसी मुंबईत. साखळीवाले पॉलिसी असते तिथे खाटा टाकतात, आणि आमचा गुडघा आपल्या पायानं तिकडे जातो. मुंबई-गोवा हायवे पूर्ण झाला की मोठी हॉस्पिटलं येतील असं इथले लोक म्हणतात. मला तर वाटतं, हायवे झाला की आमचा पेशंट बेलापूरला दोन तास आधी पोचेल.

काकांनी एक्स-रेचं पाकीट कापडी पिशवीत सरकवलं, माझा अंदाजाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "तुतारीला खालचा बर्थ मिळेल ना हो आता?"