शिजवलेले हरभरे ग्रॅममध्ये सांगितले असतील, तर वाटीने कसे मोजावेत?

आहारतज्ज्ञांनी दुपारच्या जेवणात १५० ग्रॅम शिजवलेले हरभरे खायला सांगितले आहेत, पण घरी वजनकाटा नाही, तेव्हा ते किती वाट्या होतील, असे आपण विचारले आहे. वाटी १५० मिलिलिटरची असेल, तर पाणी पूर्ण निथळलेले हरभरे सुमारे दीड वाटी घ्यावेत. मी लातुरात विद्यार्थ्यांची मेस चालवते, त्यामुळे हा हिशेब माझ्या रोजच्या कामाचा आहे.

मात्र आपली वाटी १५० मिलिलिटरचीच आहे, हे आधी तपासावे. एक लिटरच्या सीलबंद बाटलीतले पाणी वाटीने काढून पाहावे. साडेसहा ते पावणेसात वाट्या भरल्या तर वरचा हिशेब लागू होतो, आठ भरल्या तर वाटी १२५ मिलिलिटरची आहे आणि हरभरे पावणेदोन वाट्यांच्या आसपास लागतील.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच वाटीत प्रत्येक कडधान्याचे वजन वेगळे भरते. १५० मिलिलिटरच्या सपाट वाटीत शिजवून निथळलेले हरभरे साधारण १०० ग्रॅम, राजमा किंवा चवळी ११० ग्रॅमच्या आसपास, तर मूग आणि अख्खा मसूर १२५ ग्रॅमपर्यंत बसतो. हरभऱ्याचा दाणा मोठा व टणक असल्यामुळे मध्ये पोकळी राहते. मसूर मऊ होऊन एकमेकांवर दबतो. आपल्याकडे पायली आणि अधोली वापरणाऱ्यांना शीग लावलेले माप आणि सपाट माप यांतला फरक सांगावा लागत नाही. इथे सपाटच धरावे, आणि चमच्याने दाबू नये.

सर्वांत मोठी गफलत रश्श्यामुळे होते. उसळीची वाटी रश्श्यासकट काट्यावर ठेवली, तर ती १५५ ते १६० ग्रॅम भरते, कारण दाण्यांमधली पोकळी पाण्याने भरलेली असते. प्रत्यक्षात हरभरे मात्र त्यात १०० ग्रॅमच असतात. म्हणून दाणे झाऱ्याने काढून, पाणी निथळू देऊन मगच मोजावेत. (ते पाणी फेकू नये, पुरणाच्या डाळीच्या येळवणीइतके नसले, तरी आमटीला ते चांगले लागते.)

कोरड्या हरभऱ्यावरून हिशेब करायचा असेल, तर १०० ग्रॅम हरभरे भिजवून शिजवल्यावर साधारण २०० ते २४० ग्रॅम होतात, म्हणजे आपल्या १५० ग्रॅमसाठी ६५ ते ७५ ग्रॅम कोरडे हरभरे, म्हणजेच सपाट अर्ध्या वाटीपेक्षा थोडे जास्त, भिजत घालावेत. हा आकडा नेमका सांगता येत नाही, याचे कारण आपल्या भागातले बोअरचे पाणीही आहे: जड पाण्यातले कॅल्शियम दाण्याची साल व गर घट्ट ठेवते आणि दाणा नीट फुगत नाही; वर्षभर साठवलेल्या हरभऱ्याचेही तसेच होते.

घोटलेल्या वरणाला मात्र वाटीचे हे प्रमाण लावू नये. त्यात डाळ किती हे पाण्यावर ठरते. २०० ग्रॅम तुरीच्या डाळीचे एकूण एक किलो वरण झाले, तर १५० ग्रॅमच्या वाढपात डाळ ३० ग्रॅमच जाते. वरणासाठी शिजवण्याआधीची डाळ मोजून ती माणशी वाटून घ्यावी.