क्वीन ऑफ स्वॉर्ड्स अडथळ्याच्या जागी आली तर ती बॉसच असते का?

ताई, तुम्ही टाकलेल्या टॅरो वाचनात प्रश्न 'नोकरी बदलू का?' हा आणि कार्डं तीन: सद्यस्थितीत एट ऑफ पेंटॅकल्स, अडथळ्यात क्वीन ऑफ स्वॉर्ड्स, सल्ल्यात नाइट ऑफ पेंटॅकल्स. क्वीन म्हणजे तुमच्या सिनियर मॅडम आणि नाइट म्हणजे मदतीला धावून येणारा कोणी तरुण, असं तुम्ही धरलंय. क्वीनबद्दल मला शंका आहे. नाइटबद्दल मात्र शंकाही नाही, तो अर्थ तिथे बसतच नाही.

कोर्ट कार्ड (किंग, क्वीन, नाइट किंवा पेज) दिसलं की माणूस शोधायची खोड फार जुनी आहे. तुमच्याकडचा रायडर-वेट डेक (पत्त्यांचा संच) लंडनमध्ये १९०९ साली निघाला. त्यावरच्या आपल्या पुस्तकात आर्थर वेट यांनी प्रश्नकर्त्यासाठी कार्ड निवडताना रंगरूप बघायला सांगितलंय. पत्त्यांचे सूट, म्हणजे गट, चार: वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वॉर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी). गोरी माणसं वाँड्समध्ये, सावळी स्वॉर्ड्समध्ये, अगदीच काळीसावळी पेंटॅकल्समध्ये. या हिशेबाने आपल्याकडे वाँड्सचा सूट जवळजवळ रिकामाच राहील! वय बघाल तर आणखी गंमत. चाळिशी गाठलेल्या पुरुषाला ते नाइट देतात आणि त्याहून लहान असेल त्याला किंग. तेव्हा नाइट आला म्हणजे तरुण मुलगा आला, हेही पक्कं धरू नका.

मी पत्ते पिसायच्या आधीच एक गोष्ट ठरवून टाकते: कुठल्या जागी दुसरा माणूस चालेल आणि कुठे नाही. 'मला काय अडवतंय?' इथे माणूस येऊ शकतो, आपलाच स्वभावही येऊ शकतो. 'मी काय करू?' इथे माणूस चालत नाही. तिथलं कोर्ट कार्ड म्हणजे वागायची तऱ्हा. सल्ल्याच्या जागी 'कोणीतरी येईल' असं वाचलं, तर तुम्ही करायचं काय? वाट बघायची?

आता क्वीन. पुस्तकातला 'वैधव्य, दुःख' वगैरे अर्थ क्षणभर बाजूला ठेवा आणि चित्र बघा. तलवार सरळ उभी, दुसरा हात पुढे केलेला, ढग खाली आणि चेहरा मोकळ्या आभाळात. ही बाई भांडत नाहीये, पारखून बघतेय. अडथळ्याच्या जागी असं पारखणं म्हणजे प्रत्येक ऑफरमध्ये खोट काढणं, 'अजून माझी तयारी नाही' म्हणून अर्ज न पाठवणं. शेजारी एट ऑफ पेंटॅकल्समधला कारागीर खाली मान घालून ठोकत बसलाय, तयार नाणी खांबावर टांगलेली आहेत, आणि गाव मागे लांब राहिलंय. काम उत्तम येतं, पण ते घेऊन गावात जायचं होत नाही. मला हे तुमच्याबद्दल जास्त वाटतं, मॅडमबद्दल कमी. मॅडमनी खरंच तुमचं प्रमोशन किंवा रिलीज अडवली असेल तर गोष्ट वेगळी. ते तुम्हालाच माहीत.

अजून एक बघा. गोल्डन डॉन या जुन्या इंग्लिश गूढविद्या मंडळाच्या पद्धतीत स्वॉर्ड्स म्हणजे वायू, पेंटॅकल्स म्हणजे पृथ्वी, आणि ही दोन तत्त्वं एकमेकांचा जोर कमी करतात. तुमची क्वीन दोन्ही बाजूंनी पेंटॅकल्समध्ये अडकली आहे. म्हणून अडथळा कोणीही असो, तुम्हाला वाटतोय तेवढा तो मोठा नाही असं मी वाचेन.

चारही नाइट्समध्ये पेंटॅकल्सवाल्याचाच घोडा चारी पायांवर निवांत उभा असतो. मागे नांगरलेलं शेत. तुमच्या प्रश्नाला लावायचं तर रागाच्या भरात राजीनामा टाकू नका. सीव्ही नीट करा, नोटीस पीरियड किती ते बघा, दर आठवड्याला थोडे अर्ज जाऊ द्या. बदल होईल, पण याच चालीने.

थॉथ या दुसऱ्या टॅरो डेकची पुस्तकं वाचत असाल तर जपून. त्यात किंग नाहीच; नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस अशी उतरंड आहे आणि नाइट सगळ्यात वर. तिथला नाइटचा अर्थ उचलून इथे लावला की सगळा घोळ.

आणि क्लॅरिफायर म्हणून, म्हणजे अर्थ उलगडावा म्हणून, कार्डावर कार्ड ओढत बसू नका, चौथं कार्डही कोर्ट निघालं तर काय करणार? ओढायचंच असेल तर क्वीनसाठी एकच, आणि 'ती कोण?' ऐवजी 'तिच्यासमोर मी काय करू?' असं विचारून. काय आलं ते इथे टाका, बघू.