‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना जठराचा कॅन्सर निघालाय, यकृतापर्यंत पसरलाय. पुढच्या आठवड्यात केमो सुरू होईल. भाऊजी गप्प झालेत, जाऊबाई स्वयंपाकघरातून बाहेर येत नाहीत. येणारा प्रत्येक जण ‘सगळं ठीक होईल’ म्हणून निघून जातो. आम्ही धीर द्यायचा तरी कसा?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ‘सगळं ठीक होईल’ म्हटलं की भाऊजींना आपली भीती बोलून दाखवता येत नाही. शेजारी बसा, ‘आज कसं वाटतंय?’ एवढंच विचारा. ते गप्प राहिले तर तुम्हीही गप्प बसा. आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय, हे त्यांनाच ठरवू द्या.

जाऊबाईंना ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका. काय लागेल हे सुचण्याइतकं त्यांचं डोकं आज ठिकाणावर नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी डबा माझा’ असं सांगून टाका. मऊ मुगाची खिचडी, वर साजूक तूप, तिखट नको. या आजारात चार घासांत पोट गच्च होतं, म्हणून दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायचं. केमोनंतर फोडणीच्या वासानंही मळमळतं, तेव्हा फोडणी तुमच्याच घरी द्या आणि अन्न कोमट करून पाठवा. ‘खा ना, ताकद कशी येणार’ असा आग्रह नको. जेवण जात नाही याचं दुःख त्यांना आधीच आहे. बाहेरचे पोहे, सराफा बाजारातले पदार्थ आणि कापून ठेवलेली फळं मात्र बंद. तोंड आलं तर 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 1 चमचा मीठ आणि 1 चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा गुळण्या. पाणी रोज नवं करा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. भाऊजींच्या उशाशी डिजिटल थर्मामीटर ठेवा आणि रुग्णालयाचा रात्रीचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत भिंतीवर चिकटवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करा आणि निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहणं ही नेहमीची चूक. ताप उतरलेला दिसतो, आत संसर्ग वाढत राहतो. सर्दी-खोकल्याचा पाहुणा कितीही जवळचा असो, त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवा. कुणी आणलेला काढाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, यकृतावर आधीच भार आहे.

घरातल्या एका तरुणाकडे फाइल सोपवा, कागद तारखेनुसार लावायला सांगा. मुंबईला टाटा रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं असेल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीच्या (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याच्या) काचा आणि तो तुकडा जपून ठेवलेला मेणाचा ब्लॉकही लॅबमधून मागून घ्या. रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र असलं की रेल्वेच्या तिकीट खिडकीवर स्लीपर व थर्ड एसीचं रुग्णाचं भाडं माफ होतं, सोबत्याला 75 टक्के सूट मिळते.

वेदनेसाठी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांना पहिल्या केमोपासूनच भेटा. ‘हे शेवटी करतात’ हा गैरसमज आहे. मॉर्फीनची गोळी दिली तर ती दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायची, आणि पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून सुरू करायचं.

डॉक्टरांकडे जाऊबाईंबरोबर तुम्ही जा, वही घेऊन. त्या खोलीत त्यांच्या कानावर निम्मंही पडत नसतं. घरी आल्यावर चहा घेता घेता तुम्ही वाचून दाखवा.